आयोवा विरुद्ध पेन स्टेट : हरणाऱ्याकडे लक्ष ठेवा!

दहा कुस्त्या झाल्या. त्यातल्या सहा आपल्या पोरांनी मारल्या, चार समोरच्यांनी. सामना कोणाचा? ‘आपलाच की!’ असं तुम्ही म्हणाल. अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीत मात्र त्यावर उत्तर मिळतं, ‘थांबा, आधी बेरीज करू द्या!’

कारण तिथे सहा जिंकूनही हरता येतं. आणि सहा जिंकून, शेवटच्या कुस्तीपर्यंत एका गुणाने मागे राहून, मग कसाबसा जीव भांड्यात पडू शकतो. हे दुसरं प्रकरण खरोखर घडलेलं आहे. ३१ जानेवारी २०२०, आयोवा विरुद्ध पेन स्टेट. त्याच्याकडे येतेच, पण त्याआधी थोडी थिअरी. (घाबरू नका, विद्यापीठाच्या पेपरात येणार नाही!)

या प्रकाराला म्हणतात ‘ड्युअल मीट’. दोन कॉलेजांचे संघ समोरासमोर. दहा वजनगट, प्रत्येक गटात प्रत्येकी एक पैलवान, म्हणजे दहा कुस्त्या. सगळ्या एका मॅटवर, एकापाठोपाठ एक, आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एकच निकाल. साधारण दोन तासांत खेळ खलास. आपल्याकडे कुस्ती म्हणजे एकट्याचा खेळ. वस्ताद असतो, तालीम असते, गाव पाठीशी असतं, पण आखाड्यात उतरल्यावर जिंकला तर तो जिंकला आणि हरला तर तोच हरला. ड्युअलमध्ये तसं नाही. तिथे तुमची कुस्ती संपली तरी तुमचा हिशोब संपत नाही, तो स्कोअरबोर्डावर पुढच्या पैलवानाच्या डोक्यावर तसाच लटकत राहतो.

आयोवा आणि पेन स्टेट ही दोन्ही सरकारी विद्यापीठं ‘बिग टेन’ नावाच्या गटातली, म्हणजे कॉन्फरन्समधली. नाव टेन असलं तरी २०२४ पासून त्यात १८ विद्यापीठं आहेत, आणि कुस्तीचा संघ त्यांतल्या १४ जणांकडे आहे. गणित आमच्या ॲटेन्डन्सच्या रजिस्टरसारखंच आहे, खोलात जाऊ नये! पण कुस्तीचा विचार केला तर अमेरिकेत यापेक्षा कडक कॉन्फरन्स नाही, आणि त्यातही ही जोडी म्हणजे कळस.

आयोवाचं मोठेपण एका माणसापासून सुरू होतं, डॅन गेबल. कॉलेजात त्याने ११७ कुस्त्या जिंकल्या आणि फक्त एक हरली. ती एक म्हणजे १९७० साली राष्ट्रीय अंतिम फेरीतली, त्याच्या कॉलेज जीवनातली अगदी शेवटची कुस्ती! दोन वर्षांनी म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवलं ते एकही गुण न देता. १९७६ ते १९९७ तो आयोवाचा प्रशिक्षक होता. त्या २१ हंगामांत आयोवाने १५ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि बिग टेनचं विजेतेपद तर दर वर्षी, एकही वर्ष न चुकता. आता प्रशिक्षक आहे त्याचाच शिष्य टॉम ब्रँड्स, १९९६ चा ऑलिंपिक विजेता. आयोवाची कुस्ती म्हणजे सतत पुढे सरकत राहणं, मानेवर हात, मनगटावर हात, समोरच्याला श्वास घेऊ न देणं. देखणी वगैरे नसते. घाम काढणारी असते.

पेन स्टेटकडे आहे केल सँडरसन. कॉलेजात १५९ कुस्त्या, १५९ विजय, शून्य पराभव. चार वर्षांत चार राष्ट्रीय विजेतेपदं. मग २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकचं सुवर्ण. २००९ मध्ये तो पेन स्टेटला प्रशिक्षक म्हणून आला, आणि २०११ ते २०२५ या काळात त्याच्या संघाने १२ राष्ट्रीय विजेतेपदं पटकावली. २०२५ ला तर त्यांचे दहाच्या दहा पैलवान आपापल्या गटात पहिल्या आठांत आले. पूर्ण वर्ग फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन! त्यांची कुस्ती आयोवाच्या उलट. मोकळी, गुंतागुंतीची, अंगाचा गुंता झाला की त्यातून भलत्याच बाजूने वर निघणारी, आणि आघाडी मिळाली म्हणून न थांबणारी.

यातली गंमत सांगू? गेबल आणि सँडरसन दोघंही कॉलेजात कुस्ती खेळले ते ना आयोवाकडून ना पेन स्टेटकडून, तर आयोवा स्टेटकडून! ते वेगळं विद्यापीठ, आयोवा राज्यातलंच, एम्स गावचं, आणि आयोवाचं हाडवैरी. म्हणजे आज जे भांडण दिसतं त्याची दोन्ही मुळं तिसऱ्याच्याच परसात आहेत.

आता जागेबद्दल, कारण जागेचा या सामन्यात वाटा असतो. आयोवाचं घर म्हणजे कार्व्हर-हॉकआय अरेना, १९८३ मध्ये सुरू झालेलं, जवळपास १५ हजार माणसं बसतील एवढं. ते जमिनीवर उभं नाही, जमिनीत खोल उतरवलेलं आहे. तुम्ही रस्त्याच्या पातळीवर दारातून आत शिरता आणि पायऱ्या खाली जातात, तळाशी मॅट. माझी रूममेट कोल्हापूरची. तिला फोटो दाखवला तर ती एका सेकंदात म्हणाली, ‘अगं हे तर खासबाग!’ शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ साली खुलं झालेलं खासबाग मैदानही असंच खोलगट, बशीसारखं आहे, कुठेही बसलात तरी मधली कुस्ती दिसणार. दोन्हीकडे आवाज वरून खाली कोसळतो. फरक एवढाच की खासबागेत हलगी असते आणि कार्व्हरमध्ये काळ्या-पिवळ्या कपड्यातले हजारो लोक एका सुरात पंचांवर ओरडत असतात, ‘स्टॉलिंग!’ म्हणजे हा कुस्ती टाळतोय, याला दंड करा. पाहुणा पैलवान अर्धं पाऊल मागे गेला तरी ओरडतात. पेन स्टेटचं स्वतःचं रेक हॉल लहान आहे, सुमारे साडेसहा हजारांचं, म्हणून आयोवासारखा पाहुणा येणार असेल तर सामना बऱ्याचदा ब्राइस जॉर्डन सेंटरमध्ये नेतात. २०१८ मध्ये तिथे याच सामन्याला जवळपास १६ हजार प्रेक्षक होते. कॉलेजच्या कुस्तीला! आमच्याकडे गॅदरिंगला एवढी गर्दी होत नाही.

आता नियम. मन लावून वाचा, कारण मजा सगळी इथेच आहे.

एक कुस्ती सात मिनिटांची. पहिला भाग तीन मिनिटांचा, पुढचे दोन दोन-दोन मिनिटांचे. समोरच्याला खाली घेऊन ताबा मिळवला की तो टेकडाउन, त्याचे २०२३-२४ च्या हंगामापासून तीन गुण (आधी दोन होते). बहुतेक टेकडाउन आपल्या ओळखीचेच असतात, एकेरी पट, दुहेरी पट. रूममेट शेजारी बसून मराठी कॉमेंट्री करते म्हणून मला ही नावं कळली, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पी.टी.च्या तासाला फक्त थ्रोबॉल होता. खालच्याने निसटून स्वतःला सोडवलं तर त्याला एक गुण. खालूनच पलटी मारून तो वर आला तर दोन. समोरच्याची पाठ मॅटकडे वळवून काही सेकंद तशीच धरून ठेवली तर दोन, तीन किंवा चार गुण, जितके सेकंद तितके. आणि दोन्ही खांदे एक सेकंद मॅटला टेकवले की चीत. तिथेच कुस्ती संपली, आधीचे गुण काहीही असोत.

ऑलिंपिकच्या कुस्तीपेक्षा ही वेगळी आहे, आणि वेगळेपण आहे खालच्या कुस्तीत. ऑलिंपिकमध्ये खाली घेतल्यावर थोड्या वेळात काही घडलं नाही तर पंच दोघांना उभं करतात. इथे तसं नाही. वरचा जोवर डाव करण्याची धडपड करतोय तोवर खालच्याला कोणी वाचवायला येत नाही, त्याने स्वतः निसटायचं. वरच्याने ताबा किती वेळ ठेवला याचं वेगळं घड्याळ चालतं! दोघांच्या ताब्याच्या वेळांतला फरक एक मिनिट किंवा जास्त असेल तर कुस्ती संपल्यावर एक गुण जादा. त्याला रायडिंग टाइम म्हणतात. सात मिनिटं बरोबरीत गेलेली कुस्ती या एका गुणावर फिरलेली तुम्हाला वारंवार दिसेल. आपल्या मातीतल्या पैलवानांना हा भाग पटकन कळतो, असं माझं मत. पाठीवर ताबा घेऊन समोरच्याला झिजवणं हे आपल्याकडेही चालतंच, फक्त त्याला घड्याळ लावलेलं नसतं.

हे झाले त्या दोघांचे गुण. संघाचे गुण वेगळे. साध्या फरकाने जिंकलं तर संघाला तीन. आठ ते चौदा गुणांच्या फरकाने जिंकलं तर चार. फरक पंधरा झाला की कुस्ती थांबते, त्याचे पाच. चीत केलं, किंवा समोरचा दुखापतीने बाहेर पडला, तर सहा.

आता कागद-पेन घ्या. समजा तुम्ही सहा कुस्त्या साध्या फरकाने जिंकल्या. सहा त्रिक अठरा. समोरच्याने चारच जिंकल्या, पण त्यात दोन चीत, एक मोठ्या फरकाने, एक साधी. सहा, सहा, चार, तीन. एकोणीस. गेला सामना!

मग तो कोणी हरवला? जे चार हरले त्यांनी. पण ‘हरले म्हणून’ हे उत्तर अर्धंच आहे. ते ज्या पद्धतीने हरले त्याने सामना गेला. त्यांच्यातला एकजण चीत न होता, सात मिनिटं मार खाऊन का होईना, साध्या फरकाने हरला असता तर तीन गुण वाचले असते आणि तुम्ही जिंकला असता. माझ्या मते ड्युअल मीट बघण्याची सगळी गुरुकिल्ली हीच आहे. जिंकणाऱ्याकडे सगळेच बघतात. तुम्ही हरणाऱ्याकडे बघा. आपल्या मैदानात चीत न होता हरलेल्या पैलवानासाठी कोणी बक्षीस पुकारत नाही. इथे शेवटच्या मिनिटात सात गुणांनी मागे असलेला पोरगा पोटावर सपाट पडून, कोपरं अंगाशी घट्ट आवळून मॅटला चिकटून राहतो, वरचा त्याला उलथवायला जिवाचं रान करतो, आणि घड्याळ संपल्यावर हरलेल्याचे सहकारी उभे राहून टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल यांना स्कोअर कळलेला नाही. त्यांना बरोबर कळलेला असतो.

आता या २०२० च्या सामन्याकडे. कार्व्हर खचाखच. १३३ पौंडांच्या गटात आयोवाचा पैलवान दुखापतीने बाहेर, सहा गुण थेट पेन स्टेटला. मग झुलता झोपाळा. १७४ पौंडांत आयोवाच्या मायकेल केमररने मार्क हॉलला ११-६ असं हरवलं तेव्हा छत उडायचं बाकी राहिलं होतं. शेवटची हेवीवेटची कुस्ती उरली तेव्हा बोर्डावर पेन स्टेट १७, आयोवा १६. म्हणजे नऊपैकी पाच कुस्त्या जिंकून आयोवा मागे! शेवटी टोनी कॅसिओपीने सेथ नेव्हिल्सला ७-० ने हरवलं, तीन गुण मिळाले, १९-१७. सहा विरुद्ध चार कुस्त्या आणि फरक दोन गुणांचा.

पुढचा सामना २०२२ चा, पुन्हा कार्व्हरमध्येच, आणि तो पेन स्टेटने १९-१३ असा घेतला. या स्कोअरवरून, कुस्ती न बघता, नुसत्या अंकगणिताने काय घडलं ते सांगता येतं. पेन स्टेटने सात जिंकल्या असत्या तर कमीत कमी २१ झाले असते, म्हणजे जास्तीत जास्त सहा. आयोवाने पाच जिंकल्या असत्या तर कमीत कमी १५, म्हणजे जास्तीत जास्त चार. बेरीज दहा हवी. म्हणून बरोबर सहा आणि चार, आणि दोन्ही बाजूंनी जादाचा फक्त एक-एक गुण. दहाच्या दहा कुस्त्यांत कोणीही चीत झालं नाही! इतक्या तगड्या संघांनी एकमेकांना एवढं कमी दिलं, हे मला त्या १९-१७ पेक्षाही भारी वाटतं.

त्यानंतर मात्र पारडं एका बाजूला झुकलं. २०२३ ला २३-१४, २०२४ ला कार्व्हरमध्येच २९-६, २०२५ ला ३०-८, सगळं पेन स्टेटच्या बाजूने. २९ किंवा ३० हे आकडे नुसत्या साध्या विजयांनी गाठायचे तर जवळजवळ सगळ्याच कुस्त्या घ्याव्या लागतात. दोन-तीन सोडून तिथे पोचायचं असेल तर जादाचे गुण हवेतच, आणि पेन स्टेटचा खरा धाक तोच आहे. आणि आता कळीची गोष्ट: २०२० च्या त्या रात्रीनंतर २०२५ चा हंगाम संपेपर्यंत पेन स्टेट एकही ड्युअल हरलं नाही. त्यांच्या शेवटच्या पराभवावर आयोवाचं नाव होतं. हे आयोवाच्या प्रेक्षकांना पाठ आहे आणि पेन स्टेटच्या पैलवानांनाही.

म्हणून या दोघांचा पुढचा सामना बघायला बसाल तेव्हा आधी हे शोधा की पेन स्टेटच्या तगड्या नावांसमोर आयोवा कोणाला उभं करतंय, आणि त्या पोराचं काम काय ठरलंय. जिंकायचं की टिकायचं? प्रशिक्षकाच्या हातात थोडे पत्ते असतात. नाणेफेक होते, आणि त्यावरून कुठल्या कुस्त्यांत कोणी आपला पैलवान आधी पाठवायचा हे ठरतं. ज्याला नंतर पाठवायची मुभा त्याला समोरचा कोण हे पाहून ठरवता येतं. एखाद्याला वरच्या वजनगटात सरकवता येतं. साधारणपणे १२५ पौंडांपासून वर २८५ पर्यंत चढत जातात, पण कधी चिठ्ठी काढून मधूनच सुरुवात करतात, आणि मग शेवटची निर्णायक कुस्ती भलत्याच कोणाच्या तरी गळ्यात पडते. पहिल्या तीन-चार कुस्त्यांत पेन स्टेटने दोनदा चार-पाच गुण कमावले तर समजा, पुढे फक्त औपचारिकता. पण त्या कुस्त्या तीन-तीनवरच अडल्या, तर खुर्ची सोडू नका.

आणखी एक लढत प्रेक्षकांना दिसत नाही, ती वजनकाट्याशी. सामन्याच्या तासभर आधी वजन होतं. पूर्वी वजन आणि कुस्ती यांत बराच वेळ मिळायचा, म्हणून पोरं अघोरी पद्धतीने पाणी काढून वजन उतरवायची. १९९७ च्या अखेरीस साधारण महिन्याभरात तीन कॉलेज पैलवान यात मेले. रबराचे सूट घालून, तापलेल्या खोलीत व्यायाम करून घाम काढत होते. आपल्याच वयाची मुलं. त्यानंतर रबरी सूट आणि सौना बंद झाले, वजन घेण्याची वेळ सामन्याच्या जवळ आणली, सर्वात हलका गट ११८ वरून १२५ पौंडांवर नेला, आणि हंगामाच्या सुरुवातीला कोण किती खाली उतरू शकतो याची तपासणी आली. त्यात लघवीची विशिष्ट घनता १.०२० किंवा कमी असावी लागते, म्हणजे शरीरात पुरेसं पाणी आहे याचा पुरावा. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये हायड्रोमीटर बुडवून कंटाळलेल्यांनो, स्पेसिफिक ग्रॅव्हिटीचा हाही एक उपयोग!

कॉलेजची कुस्ती आपल्याला अगदीच परकी नाही बरं का. हेल्सिंकीला १९५२ साली कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते, आणि त्यांच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले असं सांगतात. खाशाबांचा गट होता ५७ किलोंचा, म्हणजे जवळजवळ हाच १२५ पौंडांचा. त्यामुळे ड्युअलची पहिली कुस्ती लागली की रूममेट म्हणते, ‘ही आपल्या खाशाबांच्या वजनाची,’ आणि मग दोन्ही संघ बाजूला ठेवून ती जो कोणी एकेरी पट काढेल त्याच्या बाजूने होते.

वेळेचं लक्षात ठेवा. हे सामने जानेवारी-फेब्रुवारीत, बऱ्याचदा शुक्रवारी रात्री असतात. आयोवात रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळचे साडेसात. हेवीवेटची कुस्ती साडेनवाच्या आसपास लागते. मेसचा नाश्ता नऊला बंद होतो, तेव्हा पोहे आधीच वर आणून ठेवा.